पायाखालचं हिरवं

त्या रविवारी अप्पा लाकडी पाटावर बसून हिरवळीचे केस कापत होते. केस कापणं हा आईचा शब्द. ती दारातल्या खुर्चीत मटार सोलत होती, मी पायरीवर बसून चहा पीत होते. फाटकापासून दारापर्यंत अप्पांनी चौदा फरश्या मांडल्या होत्या आणि दोन फरश्यांच्या मध्ये मुद्दाम चार-चार बोटं फट ठेवली होती. त्या फटींमधून शेवाळासारखं काहीतरी दाट, बुटकं, हिरवंगार वाढलं होतं. टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं त्यावर येऊन गेली होती, आणि सुकलेली फुलं अप्पा शिवणाच्या जुन्या कात्रीने एकेक करून काढत होते.

"आयुष्यभर लोकांच्या अंगणातलं शेवाळ खरवडून पोट भरलं," आई मला म्हणाली, "आणि म्हातारपणी तेच घरात पाळलंय."

"शेवाळ नाही ते," अप्पा मान वर न करता म्हणाले. "शेवाळाला मुळं नसतात. याला आहेत."

"असणारच. एकदा बसलं की उठायचं नाव नाही. मालकासारखंच."

अप्पा हसले. ते फरशी बसवणारे मिस्त्री होते. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची आणि चिडवायचं असलं की आईसुद्धा. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, भाजी लावतात. अप्पांनी हे लावलं. रोपवाल्याकडून वहीच्या पानाएवढा तुकडा आणला, त्याचे ब्रेडचे करावेत तसे लहान लहान चौकोन केले, खाली वाळू मिसळलेली माती घातली आणि प्रत्येक चौकोन वितीच्या अंतराने बसवून हाताच्या तळव्याने दाबला. साधनं सगळी जुनीच. मातीला थापी, फरशीला रबरी हातोडा, आणि कोण जाणे कशासाठी, शेजारी सपाटी बघायची पाणसळ. वर्षभर ते तुकडे तसेच चिकटून बसलेले होते. आई म्हणायची, मिस्त्रींची बुरशी काही धरत नाही. दुसऱ्या वर्षी ते एकमेकांना भेटले.

मी चहा संपवला, कप आत ठेवला आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागले. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेत मी मुद्रितं तपासते. सोमवारी सकाळी द्यायचा एक गठ्ठा घरी पडला होता. बस चौकातून सव्वापाचला सुटायची.

"आता बूट घालू नकोस," अप्पा म्हणाले. त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "फाटकापर्यंत अनवाणी जा. डोळे मीट. फाटकाकडून पाचव्या फरशीवर जरा थांब. पायाला काही लागतंय का सांग."

हे वाक्य मी एकतीस वर्षांनी ऐकत होते.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत अप्पांच्या कामाचा शेवटचा भाग माझ्याकडे असे. फरश्या बसवून झाल्या, एक रात्र गेली, की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला सायकलवर पुढे बसवून त्या घरी नेत. सांधे अजून भरलेले नसत, म्हणजे एखादी फरशी उचलायची तर तीच वेळ. अप्पा खोली झाडून, पुसून तयार ठेवत. मी मोजे काढायचे, डोळे मिटायचे आणि पाऊल जमिनीवरून घासत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं. एखादी फरशी शेजारणीपेक्षा केसभर जरी वर असली तरी अंगठ्याला कळायचं. मी तिथेच थांबायची. अप्पा खडूने खूण करायचे, फरशी काढून खालचा सिमेंट-वाळूचा माल सारखा करायचे आणि पुन्हा बसवायचे. पाणसळ खोटं बोलत नाही, ते म्हणत, पण तिला सगळं कळतही नाही. त्यांचा स्वतःचा तळवा चुन्या-सिमेंटने जाड झाला होता. त्याला काही कळत नसे.

घरमालक हसायचे. एकाने विचारलं होतं, मिस्त्री, हे नवीन यंत्र का तुमचं? अप्पा म्हणाले होते, हो, गोळीबिस्किटावर चालतं.

शेवटचं घर गाणं शिकवणाऱ्या बाईंचं. मोठा दिवाणखाना, काळसर दगडाच्या दोन फुटी फरश्या. त्या दिवशी माझ्या दप्तरात वाचनालयाचं पुस्तक होतं. पहिला भाग मी दोन दिवसांत संपवला होता आणि वाचनालयातल्या काकांनी दुसरा भाग सहा वाजेपर्यंतच माझ्यासाठी बाजूला ठेवायचं कबूल केलं होतं. अप्पा मला तिथे सोडणार होते. मी चालायला लागले तेव्हा साडेपाच झाले होते. अर्धी खोली झाली. खिडकीशी आले आणि डाव्या अंगठ्याला कड लागली. केसभर नाही, चांगली नाण्याच्या जाडीएवढी. फरशी उचलायची म्हणजे तास गेला. मी पाऊल उचलून पलीकडे ठेवलं.

"काही लागलं?" अप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, कुठेच नाही.

त्यांनी खडू खिशात टाकला, हात धुतले आणि मला सायकलवर बसवलं. वाचनालय बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी मी पोहोचले. तो दुसरा भाग कशाबद्दल होता ते आज मला आठवत नाही.

तीन महिन्यांनी गाण्याच्या बाईंची म्हातारी आई खिडकी लावायला गेली आणि त्या कडेला ठेचकाळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. अप्पांना बोलावणं आलं. ते गेले, हात फिरवून पाहिला, फरशी काढली, नवीन बसवली आणि अंधार पडल्यावर परत आले. मी स्वयंपाकघरात गणितं सोडवत होते. ते मोरीत थापी धूत होते, धुवून स्वच्छ झाल्यावरही धूत होते. आईने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरीचा पाय चुकत नाही. तेव्हा ती फरशी सपाटच होती. म्हणजे खालचा माल नंतर बसला. माझाच हात कच्चा पडला."

मी पेन्सिलला टोक केलं. गणित पुढे सोडवलं. उत्तर बरोबर आलं होतं, हे मात्र आठवतं.

त्यानंतर अप्पांनी मला कधी कुठे नेलं नाही. जी फरशी नंतर बसते ती आज पायाला कशी कळणार, असं त्यांचं म्हणणं. ते माल दुप्पट घालू लागले, प्रत्येक फरशी दोन-दोन दिवस तशीच ठेवू लागले, प्रत्येक सांध्यावरून नाणं सरकवून बघू लागले. दुसरे दोन खोल्या करत तेवढ्या वेळात यांची एक व्हायची. कंत्राटदार आधी गमतीने म्हणायचा, मिस्त्री, फरशी बसवताय की पाळण्यात जोजवताय? मग त्याने बोलावणं कमी केलं, मग बंद केलं. मोठे दिवाणखाने गेले. उरल्या न्हाण्या, पायऱ्या, भांडी घासायच्या जागा. अप्पांनी कुरकुर केली नाही. माझा हात गेला, एवढंच म्हणायचे, जसं एखाद्याने माझी नजर कमी झाली म्हणावं.

मी पुस्तकं वाचत राहिले. वाचता वाचता नोकरी लागली, दुसऱ्यांच्या चुका शोधायची. पहिला पगार झाला तेव्हा सांगणार होते. अप्पांनी काम सोडलं त्या दिवशी सांगणार होते. दोन्ही वेळा घरात गोड काहीतरी होतं आणि अप्पा खूश होते, आणि खूश माणसाला का दुखवा, असं मी स्वतःला समजावलं. ते उदास असत तेव्हा उदास माणसाला कुठे दुखवा. कारण शोधणाऱ्याला कारणांचा दुष्काळ नसतो.

तर त्या रविवारी ते माझ्यासमोर उभे होते, हाताला माती, आणि माझ्या बुटांकडे बघत होते.

"ओलं आहे," मी म्हटलं. "आणि नाड्या बांधून झाल्या. पुढच्या रविवारी नक्की."

"पाच मिनिटांचं काम."

"बस जाईल, अप्पा." मग मी उभ्या जागेवरूनच, सवयीने, त्यांना चूक दाखवली. "तिथे नववी-दहावीच्या मध्ये फुगलंय बघा. वर आलंय."

त्यांनी तिकडे पाहिलं. "हो, काढायला पाहिजे," म्हणाले.

मी चौदा फरश्यांच्या कडेने, मातीतून, फाटकापर्यंत गेले. हिरव्यावर बूट पडू नये म्हणून. ते मागून काहीतरी म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. मी हात हलवला. पुढची बस पंधरा मिनिटांनी होती, हे मला माहीत होतं.

बुधवारी दुपारी कार्यालयात आईचा फोन आला. अप्पा नळाशी पाण्याची बाटली भरत होते, तिथेच बसले, आणि शेजारच्या काकू धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक येऊन गेले. चपला काढून, त्या चौदा फरश्यांवरून, हिरव्यावरून. पाच-सहा दिवस फाटक उघडंच होतं. मग आणलेले डबे धुऊन ज्याचे त्याला परत गेले आणि घरात आई आणि मी उरलो. मी महिन्याची रजा काढली. मुद्रितं घरी मागवून घेतली.

मला अप्पांचं काही चालू ठेवायचं होतं, आणि चालू असलेलं एकच होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा मी नळाला पाइप लावून त्या हिरव्याला भरपूर पाणी घालायची. फटी काठोकाठ भरल्या की समाधान वाटायचं. दोन आठवड्यांत पिवळे डाग आले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फरशीच्या मधला तुकडा काळा पडला आणि बोटाने उचलला तसा अख्खा हातात आला, ओल्या कागदासारखा. खाली मुळं उरलीच नव्हती.

मी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून रोपवाल्याकडे घेऊन गेले. तो कळकट टोपी घातलेला, बुटका, बोलका माणूस. अप्पांचं त्याला कळलं होतं. त्याने तुकड्याचा वास घेतला.

"पाण्याने मेलंय, ताई," तो म्हणाला. "माया जरा कमी करा. याला पाण्याचा शिडकावा लागतो, आंघोळ नाही."

त्याने मला सगळं, अगदी पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. दुपारचं कडक ऊन नको. पाणी साचायला नको. मध्ये गवताचं पातं दिसलं तर चिमटीने मुळासकट काढायचं, नाहीतर ते मालक होतं. आणि दाट झालं की हे मध्येच फुगतं, भाकरीसारखं वर येतं, मग त्याची मुळं जमीन सोडतात. तेव्हा सुरीने बोटभर पट्टी कापून काढायची आणि दोन्हीकडच्या कडा पायाने दाबून एकमेकांना भिडवायच्या.

"पायाने?" मी विचारलं.

"मग? चालायला पाहिजे यावर. मिस्त्री रोज चालायचे. तुम्ही जपून कडेने जात असाल."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातली पातळ पात्याची सुरी घेऊन नवव्या फरशीपाशी बसले. फुगवटा आता मुठीएवढा झाला होता. आईने खुर्ची दारात ओढून घेतली होती. मी अप्पांच्या पाटावर बसले होते. ती म्हणाली, त्यांचा काप असा वाकडा जायचा नाही. मी म्हटलं, ते फरश्या कापायचे, मी नुसत्या ओळी. ती जराशी हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा.

मग तिनेच अप्पांचं सांगायला सुरुवात केली. रोज सकाळी ते चपला काढून फाटकापासून दारापर्यंत चालायचे, डोळे मिटून. एक हात कुंपणाच्या भिंतीला. पडाल म्हातारपणी, ती ओरडायची. या फरश्यासुद्धा अशाच गोळा केलेल्या, प्रत्येक कामावरची एक उरलेली किंवा तुटलेली. अमकी दवाखान्याची, तमकी शाळेच्या पायरीची. अंगणात रचून ठेवलेला हा पसारा कधी कामाला येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"आणि पाचवी?" मी विचारलं. सुरी हातातच होती.

"ती गाण्याच्या बाईंकडची. उचलताना कोपरा तुटला, म्हणून बाई टाकून देणार होत्या. हे घेऊन आले. इतकी वर्षं पाण्याच्या टाकीमागे उभी होती. मी शंभरदा म्हटलं, फेका ती. म्हणायचे, माझी चूक आहे, माझ्या घरात असू दे."

पाचवी फरशी चार पावलांवर होती. काळसर, एक कोपरा नसलेली. कोपऱ्याच्या जागी हिरवं आत शिरून गोल झालं होतं. ती बाकीच्यांपेक्षा किंचित वर बसवली होती, आणि तिच्या चारी कडांना ते इतकं दाट होतं की वर आहे हे बघूनही कळत नव्हतं.

"त्या रविवारी फार हिरमुसले होते का?" मी विचारलं.

आई मटारासारखं काहीतरी सोलत असल्यासारखी बोटं हलवत होती. हातात काही नव्हतं. "हिरमुसले नाहीत. तू गेल्यावर नववीपाशी जाऊन बघून आले, खरंच फुगलं होतं. म्हणाले, तिची नजर काय आहे. मग म्हणाले, पुढच्या रविवारी करेल ती. त्यांना एकच बघायचं होतं. हे एवढं लावलं ते त्यासाठीच की. म्हणायचे, आता फरशी वरखाली असली तरी पायाला कळणार नाही, मऊच लागेल. मी म्हटलं, तुम्ही चालताय ना रोज, मग झालं की. तर म्हणाले, माझ्या पायाचं काही खरं नाही. पोरीने एकदा सांगितलं म्हणजे झालं."

मी पट्टी कापून काढली. बोटभर रुंद, वर हिरवी, खाली पांढऱ्या केसांसारखी मुळं, कोरडी. दोन्हीकडच्या कडा उघड्या पडल्या. मग मी बूट काढले, मोजे काढले, ते पायरीवर ठेवले आणि उजवी टाच एका कडेवर ठेवून हळूहळू भार टाकला. मग दुसऱ्या. ते थंड होतं, दाट, खालून किंचित परत ढकलणारं. कडा एकमेकींना टेकल्या. फुगवटा बसला.

मला तिथेच थांबता आलं असतं. काम झालं होतं.

मी फाटकापाशी गेले आणि डोळे मिटले. पहिली फरशी गुळगुळीत, दुसरी खडबडीत. मग माझ्या पाण्याने मारलेला तुकडा, तिथे नुसती माती. तिसरी. चौथी. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं, हे पायाला आठवत होतं. चौथीनंतर मऊ लागलं आणि मऊ लागता लागता पाऊल कधी दगडावर आलं ते समजलं नाही. मी अंगठा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. कड सापडली नाही. चारी बाजूंनी शोधली.

"काय गं," आईने दारातून विचारलं, "पायाला काही लागतंय का?"

तिला त्या वाक्याचं काही नव्हतं. अप्पांकडून ऐकून ऐकून तिच्या तोंडी बसलेलं. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर तिचा चेहरा दिसला असता, आणि मला पुन्हा एखादं कारण सापडलं असतं.

"नाही लागत, अप्पा," मी म्हटलं. आवाज मोठा आला. शेजारच्या काकूंच्या अंगणात कपडे झटकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "आता कुठेच नाही लागत. तेव्हा लागलं होतं. गाण्याच्या बाईंकडे, खिडकीशी, डाव्या अंगठ्याला. तुमचा माल नंतर बसला नव्हता. फरशी त्याच दिवशी वर होती आणि मला कळलं होतं. वाचनालय बंद होईल म्हणून मी नाही म्हटलं. तुमचा हात कच्चा नव्हता, अप्पा. मी खोटं बोलले."